कोचचा शेवटचा सीझन

कोचच्या आधी माझी ओळख झाली ती त्यांच्या गुडघ्यांशी.

क्लबच्या ड्रेसिंग रूमला लागून एक छोटी खोली होती. मसाजचं टेबल, शेक द्यायचं यंत्र, बर्फाची पेटी आणि खिडकीत बसवलेला एक सतत गळणारा एसी. मी तिथला फिजिओ. एका संध्याकाळी एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला गोरा माणूस दार न ठोठावताच आत आला, टेबलावर बसला आणि त्याने ट्रॅकपँट मांडीपर्यंत वर सरकवली.

"बघ. हे दुरुस्त व्हायचे नाहीत, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "मला फक्त बाकावरून उठता आलं पाहिजे. कोच उठताना कण्हला की पोरं हसतात."

दोन्ही गुडघ्यांवर जुन्या ऑपरेशनच्या खुणा होत्या. मी पाय हलवून बघितला तर आतून रेती भरडल्यासारखा आवाज आला. मग माझं लक्ष चेहऱ्याकडे गेलं. नाक कधीतरी मोडून वाकडं बसलेलं, भुवयांच्या वर टाक्यांच्या पांढऱ्या रेघा, पुढचे दात खोटे. क्लबने इंग्लंडहून नवा कोच आणल्याचं मी ऐकलं होतं, तो हाच. त्यांनी मला विचारलं, "तू डॉक्टर आहेस का?" मी म्हटलं, "नाही, फिजिओ." ते म्हणाले, "माझ्यासाठी सारखंच." तेव्हापासून मी त्यांचा 'डॉक' झालो, तो शेवटपर्यंत.

मी कुवेतला आलो तो बायकोच्या मागोमाग. आम्ही दोघं नाशिकचे. ती नर्स. इराकच्या ताब्यातून कुवेत सुटल्यावर इथल्या सरकारी दवाखान्यांना माणसं हवी होती, तेव्हा ती आधी आली. तिला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळाला, बिऱ्हाड लागलं आणि वर्षभराने मी आलो. अब्बासिया भागात दोन खोल्यांचा फ्लॅट होता, त्यातली एक खोली आम्ही केरळच्या एका जोडप्याला दिली होती. तेव्हा रस्त्यांवर अजून गोळ्यांनी खरवडलेल्या भिंती दिसायच्या. मला दवाखान्यात काम मिळेना. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की अमुक एका फुटबॉल क्लबला फिजिओ हवा आहे. मी शाळेत कबड्डी खेळलेला माणूस. फुटबॉल म्हणजे काय ते मला धड माहीत नव्हतं. ऑफसाइड कशाला म्हणतात हे तर पहिलं वर्षभर कळलंच नाही.

ते मला कोचनी शिकवलं. एका संध्याकाळी सराव संपल्यावर त्यांनी मला मैदानात नेऊन उभं केलं, स्वतः फॉरवर्ड झाले आणि म्हणाले, "आता तू डिफेंडर. तुझ्या मागे गोलकीपर. मी कुठे उभा राहिलो तर तुला राग येईल?" मी म्हणालो, "माझ्या मागे." ते म्हणाले, "झालं. हाच ऑफसाइड. बाकी सगळं वकिलांचं काम आहे."

ते स्वतः आयुष्यभर डिफेंडर होते. सेंटर बॅक. उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाचा क्लब, पिवळी जर्सी, पावसाने भिजलेलं मैदान. देशाकडून कधी खेळले नाहीत. वरच्या डिव्हिजनमध्ये एकच वर्ष मिळालं, आणि तेही बरंचसं बाकावर गेलं. ते सांगायचे, की त्या काळी चेंडू चामड्याचा असायचा, पाऊस पडला की पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा, आणि गोलकीपरने तो लांब मारला की खाली उभं राहून डोक्याने परतवायचा, हीच त्यांची नोकरी. शनिवारी सामना झाला की रविवारी दिवसभर कानात गुंजत राहायचं. हे ते हसत सांगायचे. मीही हसत ऐकायचो.

खेळणं संपल्यावर इंग्लंडमध्ये त्यांना कोणी कोच म्हणून घेतलं नाही, म्हणून ते बाहेर पडले. आधी आफ्रिका, मग मलेशिया, मग आखात. बायको प्रत्येक ठिकाणी बरोबर. मुलंबाळं नव्हती. क्लबने त्यांना बनेद अल-गारमध्ये समुद्राजवळ फ्लॅट दिला होता. त्यांच्या बायकोने बाल्कनीत कुंड्यांतून टोमॅटो लावले होते, आणि तोझ, म्हणजे धुळीचं वादळ, येऊन गेलं की ती एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. माझी बायको आमच्यात बोलताना तिला 'कोचवहिनी' म्हणायची. ते नाव आमच्या घरात पक्कं झालं.

त्या पहिल्या दिवसांतली एक आठवण मला फार आवडते. आमचे चार डिफेंडर कधी एका रेषेत राहायचे नाहीत. एक पुढे धावायचा, एक मागेच राहायचा. कोच ओरडून थकले. मी सहज म्हणालो, "आमच्याकडे कबड्डीत साखळी करतात. हात धरून. एकाने झेप घेतली की दुसरा आपोआप ओढला जातो." त्यांनी मला तिथेच करून दाखवायला सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघांना हात धरून उभं केलं आणि चेंडू जाईल तसं इकडून तिकडे पळवलं. इंग्रज माणसाला वाटलं होतं, की बाप्ये हात धरायला लाजतील. पण इथे मित्र रस्त्यानेही हातात हात घालून चालतात. ते चौघं खुशाल हात धरून पळाले. कोचच जरा ओशाळले. मग म्हणाले, "माझ्या गावात हे केलं असतं तर मला हाकलून दिलं असतं."

त्या चौघांतला डावीकडचा, लेफ्ट बॅक, त्यांचा लाडका होता. बारीक अंगाचा, रागीट, बोलताना सतत हातवारे करणारा कुवेती तरुण. त्याला डोक्याने चेंडू मारायची भीती वाटायची, डोळे मिटून घ्यायचा. कोच त्याला सराव संपल्यावर थांबवून घ्यायचे. सूर्यास्ताची, मगरिबची नमाज आटोपून तो परत यायचा आणि दिवे लागलेल्या मैदानात दोघं समोरासमोर उभे राहायचे. "डोळे उघडे! कपाळ! कपाळ!" कोच आधी स्वतः मारून दाखवायचे. पन्नाशीतला माणूस, पण चेंडू आला की मान अशी मागे घेऊन फटका मारायचा, की आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आम्ही लागोपाठ हरलो आणि क्लबने कोचना काढलं. आखातात हे असंच चालतं. सकाळी कोच असतो, संध्याकाळी नसतो. ते माझ्या खोलीत आले, टेबलावर बसले आणि म्हणाले, "डॉक, शेवटचा शेक दे." मी दिला. त्यांनी हात मिळवला आणि गेले. लेफ्ट बॅक बाहेर भिंतीकडे तोंड करून रडत होता.

मग पुष्कळ वर्षं गेली. कोच आखातातच या देशातून त्या देशात फिरत राहिले. नाताळच्या सुमारास त्यांच्या बायकोचं कार्ड यायचं. आम्हाला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली आणि माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. लेफ्ट बॅकचा गुडघा गेला, माझ्या हातांना जेवढं येत होतं तेवढं मी केलं, पण तो पुन्हा खेळू शकला नाही. काही काळाने तो क्लबचा मॅनेजर म्हणून परत आला, पांढऱ्या दिशदाशात, म्हणजे पायघोळ अरबी झग्यात, जरा सुटलेला. आणि मॅनेजर झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर जुन्या कोचना बोलावून घेतलं.

ते आले तेव्हा मला ते म्हातारे वाटले, पण म्हातारे तर आम्ही सगळेच झालो होतो. गुडघे आणखी बिघडले होते. "अजून भरडतायत का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता खडी भरडायची गिरणी झालीय." ते मनापासून हसले.

आम्ही त्या दोघांना घरी जेवायला बोलावलं. बायकोने पुरणपोळी केली होती. कोचनी मलेशियातला एक किस्सा सांगितला: सामना चालू असताना मैदानात घोरपड शिरली आणि रेफ्रीच पळून गेला. आम्ही खूप हसलो. मुलगीसुद्धा हसली. मग बायकोने दुसरी पोळी वाढली, आणि कोच म्हणाले, "तुम्हाला मलेशियातली गंमत सांगितली का? सामना चालू होता…" आणि त्यांनी तोच किस्सा पुन्हा सांगितला, तेच शब्द, तसाच हात उचलून. मुलगी काहीतरी बोलणार होती, बायकोने तिच्याकडे नुसतं बघितलं. आम्ही पुन्हा हसलो. कोचवहिनी ताटात बघत होत्या.

ते गेल्यावर बायको भांडी आवरत म्हणाली, "अहो, ह्यांना दाखवायला हवं."

"गोष्ट दोनदा सांगितली म्हणून? माझे वडील रोज सांगतात."

"तसं नाही. मी वॉर्डात बघते अशी माणसं. हात धुवायला गेले ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. परत कुठे यायचं तेच कळेना. वहिनींनी हाक मारली तेव्हा आले. वहिनींना माहीत आहे सगळं."

मला राग आला. मी म्हटलं, नवखं घर आहे, होतं असं.

पण त्यानंतर मला दिसायला लागलं. कोच खेळाडूंची नावं घेईनासे झाले. सगळ्यांना 'सन', म्हणजे बाळा, म्हणायला लागले, किंवा जर्सीच्या नंबराने हाक मारायचे. एकच सराव दोनदा घ्यायचे. गाडी चालवताना चुकायचे. एकदा राई नावाच्या भागातून त्यांचा फोन आला, की ते गाड्यांच्या शोरूमसमोर उभे आहेत आणि समुद्र कुठेतरी गेला. मी टॅक्सीने जाऊन त्यांना घरी सोडलं. वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "हे सगळे रस्ते एकसारखे बांधलेत." मी हो म्हणालो.

बनेद अल-गारच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी कोचवहिनी पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणी बोलल्या. कोच आत झोपले होते. चहाचा कप हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "त्यांच्याबरोबर मधोमध जो दुसरा डिफेंडर खेळायचा ना, तो दोन वर्षांपासून नर्सिंग होममध्ये आहे. बायकोला ओळखत नाही. त्यांचा गोलकीपर ठणठणीत आहे. आता लोक तिकडे बोलायला लागलेत, की हे चेंडू डोक्याने मारण्यामुळे होतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"इथल्या डॉक्टरांनी स्कॅन काढलं. मेंदू आकसायला लागलाय म्हणाले. कशामुळे ते नक्की सांगता येत नाही. तुमच्या बायकोला मी विचारलं होतं, तिनेच तो डॉक्टर सांगितला."

माझी बायको मला यातलं काही बोलली नव्हती. रुग्णाची गोष्ट म्हणून तिने ती स्वतःपाशी ठेवली होती.

"मग घरी जा तुम्ही. इंग्लंडला," मी म्हणालो.

"घरी जाऊन ते काय करतील? खुर्चीत बसतील. इथे रोज दुपारी चार वाजले की बूट घालून दाराशी उभे राहतात. तेवढं त्यांना अजून आठवतं. एवढा सीझन होऊ दे. तुम्ही त्यांच्या शेजारी बसता ना बाकावर? मग बसा जरा जवळ."

मी जवळ बसायला लागलो. सामना चालू असताना हळूच नावं सांगायचो. "सात नंबर दमलाय कोच, त्याला बदलायचं म्हणत होतात तुम्ही." ते म्हणायचे, "हो, तेच बघतोय मी." आणि खरं सांगायचं तर खेळ त्यांना दिसायचा. कोण दमलाय, कोण घाबरलाय, कुठली बाजू उघडी पडलीय, हे ते माझ्या कितीतरी आधी बघायचे. फक्त त्या माणसाचं नाव, आजचा वार, समोरचा संघ, हे त्यांच्या हातून निसटायचं. मॅनेजरला कळू नये म्हणून मी धडपडत होतो. एकदा सरावाच्या वेळी तो मॅनेजर, दिशदाशा उतरवून, जुने बूट घालून, दुखऱ्या गुडघ्याने डाव्या बाजूला लंगडत पळताना मला दिसला. मी त्याच्यावर ओरडलो, "अरे, तुझा गुडघा!" तो म्हणाला, "खलास डॉक्टर, बस, थोडाच वेळ." मला वाटलं, पोट कमी करायचं असेल.

मग ते युद्ध आलं. सीमेपलीकडे इराकवर हल्ला सुरू झाला आणि इकडे भोंगे वाजायला लागले. शाळा बंद झाल्या, लोकांनी खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या लावल्या. बरेचसे इंग्रज आधीच निघून गेले होते. क्लबचा सराव बंद. बायकोच्या दवाखान्यात सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, मी मुलीला घेऊन घरात बसलो होतो. तेवढ्यात क्लबच्या चौकीदाराचा फोन आला. कोच मैदानात आले आहेत, घरी जायला तयार नाहीत.

मुलीला शेजारच्या खोलीतल्या केरळी वहिनींकडे ठेवून मी गेलो. रिकाम्या मैदानात, मधल्या रेषेवर, कोच शिट्टी गळ्यात घालून उभे होते. कोचवहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांना टॅक्सी मिळाली नव्हती. त्या समुद्राकडून इथवर त्यांच्या मागोमाग चालत आल्या होत्या.

"उशीर झालाय," कोच मला म्हणाले. "कुठे आहेत सगळे? शिस्त नाही राहिली."

"कोच, आज सराव नाही. युद्ध चालू आहे."

"कुठे?"

त्याच वेळी भोंगा वाजला. चौकीदार आम्हाला हाका मारत होता. कोच भोंग्याचा आवाज ऐकत स्तब्ध उभे राहिले, मग त्यांनी मला दंडाला धरलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "डॉक, मला काहीतरी होतंय. मला कळतंय ते. तिला सांगू नकोस, ती घाबरेल."

मी म्हटलं, "नाही सांगत." आणि आम्ही तिघं स्टेडियमच्या खालच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसलो. त्यांच्या बायकोने त्यांचा हात हातात घेतला होता.

महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू झालं. सीझनचे राहिलेले सामने घाईघाईने खेळवले गेले. त्यातल्या एका सामन्यात आमच्याविरुद्ध जो संघ होता त्यांची जर्सी पिवळी होती.

सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. कोच उभे राहून ओरडत होते, नेहमीपेक्षा जोरात. "वर या! रेषा सोडू नका! पाच नंबर, तू बोल त्यांच्याशी, गप्प काय उभा आहेस?" आमचा पाच नंबर बाकाकडे गोंधळून बघायला लागला, कारण तो पुढे कॉर्नरसाठी गेला होता. मग मला कळलं, की ते पिवळ्या पाच नंबरशी बोलत आहेत. आमच्या संघाने गोल केला आणि बाकावरचे सगळे उडी मारून उठले. कोच मटकन खाली बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

मध्यंतराला मी एका खेळाडूची मांडी बांधत थोडा मागे राहिलो. ड्रेसिंग रूममध्ये पोचलो तर आमची पोरं पाणी पीत बसलेली, आणि कोच नाहीत. स्वच्छतागृहात नाहीत. माझ्या खोलीत नाहीत. मी बोळातून धावलो. समोरच्या संघाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता.

कोच पिवळ्या संघापुढे उभे होते. पाठ सरळ, एक हात कमरेवर. "आपण एक गोल मागे आहोत," ते सांगत होते. "काही बिघडलेलं नाही. पण जवळच्या खांबापाशी कोणीच उभं राहत नाही. दर वेळी. तू, उंच पोरा, तो खांब तुझा. आणि तू त्याच्या मागे. चेंडू हवेत असताना एकाने हाक द्यायची, एकाने. दोघे उडलात तर दोघे पडाल." अरबी पोरं बाकांवर बसून ऐकत होती. काहींना इंग्रजी कळत नसेल. एकही हसत नव्हता. त्यांचा स्वतःचा कोच, ब्राझीलचा एक पिकल्या केसांचा माणूस, कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. मी आत शिरलो तसा त्याने तळहात वर करून मला थांबवलं. बोलू दे, अशी खूण केली.

कोचनी पूर्ण बोलून घेतलं. मग म्हणाले, "चांगली पोरं आहात तुम्ही. पाऊस थांबलाय. जा आता."

त्या ब्राझीलच्या माणसाने पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "थँक्यू, कोच." पिवळ्या पोरांतला एक जण उठून उभा राहिला, मग सगळेच राहिले. मी कोचच्या पाठीवर हात ठेवला. "चला," म्हटलं. बोळात आल्यावर ते थांबले. मागे वळून दाराकडे बघितलं, मग आपल्या अंगावरच्या, आमच्या क्लबच्या निळ्या ट्रॅकसूटकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इथे लिहू शकत नाही. ते म्हणाले, "डॉक, मी कुठे गेलो होतो?"

दुसऱ्या हाफमध्ये ते माझ्या खोलीत टेबलावर पडून राहिले आणि मी त्यांच्या गुडघ्यांना शेक देत बसलो. दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही. बाहेर सामना कधी संपला ते आवाजावरून कळलं. आम्ही जिंकलो होतो.

मॅनेजर आत आला. मी उठून बोलायला लागलो, की उन्हाचा त्रास झाला, पाणी कमी प्यायले. त्याने मला बोळात नेलं.

"डॉक्टर, बस," तो म्हणाला. "मला माहीत आहे. रमजानपासून माहीत आहे."

"कसं?"

"एक दिवस मला म्हणाले, 'शुक्रवारी तू डावीकडे खेळणार आहेस, बूट का नाही घातले?' मी मॅनेजर आहे हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. मी काय सांगणार? गाडीतून बूट आणले आणि पळालो. माझा बाप असाच गेला. आईला विचारायचा, 'ही बाई कोण?' मी तेव्हा बापाला दर वेळी चूक सांगायचो, 'अरे ही आई आहे, आई आहे.' तो रडायचा. कोचना मी एकदाही सांगितलं नाही."

मी त्याच्यापासून लपवत होतो, तो माझ्यापासून. आणि कोचवहिनी आम्हा दोघांपासून थोडं थोडं. तो डोळे पुसत म्हणाला, "पण आता सगळ्या स्टेडियमने बघितलं. कमिटी ऐकायची नाही. मीच जाऊन मदामशी बोलतो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको."

तो गेला. त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. क्लबने जाहीर केलं, की कोच तब्येतीमुळे निवृत्त होत आहेत. जुन्या संघातले खेळाडू मॅनेजरच्या दिवानियात, म्हणजे घरच्या पुरुषांच्या बैठकीत, जमले, आता बरेच जण जाड झालेले, टक्कल पडलेले. कोच सगळ्यांच्या मध्ये गादीवर अवघडून बसले होते आणि खुशीत होते. कोण कोण आहे ते त्यांना समजलं नसावं. पण ते एकेकाकडे बघून त्याची जागा बरोबर ओळखत होते. "तू राइट बॅक. तू मधला, आळशी." लोक हसत होते आणि मधूनच कोणीतरी उठून बाहेर जात होतं.

फ्लॅट आवरायला माझी बायको सुट्टी घेऊन गेली. आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. वहिनी सामानाच्या रांगेत होत्या, मी कोचजवळ उभा होतो. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. बॅगा, ट्रॉल्या, गर्दी. हे दृश्य त्यांच्या ओळखीचं होतं.

"बाहेरचा सामना आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो, कोच. बाहेरचा."

"मग तुझी बॅग कुठे आहे? फिजिओशिवाय जायचं?"

"मी मागच्या विमानाने येतो. तुम्ही पुढे व्हा."

"ये मात्र," ते म्हणाले. "माझे गुडघे दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचे नाहीत मला."

मी हो म्हणालो. वहिनी आल्या, त्यांनी माझ्या बायकोला मिठी मारली, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग ती दोघं आत गेली. कोच नेहमीसारखे जरा फेंगडे चालत होते.

पुढची काही वर्षं वहिनींचे फोन येत राहिले. आधी ते घरी होते, मग त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं, जिथे त्यांचा जुना जोडीदार डिफेंडर होता तिथेच. दोघं एकाच खोलीत बसायचे आणि एकमेकांना ओळखायचे नाहीत. वहिनी रोज जायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "ते माझ्याशी फार सभ्यपणे वागतात. परवा विचारत होते, 'मॅडम, तुम्ही इतक्या लांबून एकट्याच आलात का?' मी म्हटलं, हो." जगातल्या किती विमानतळांवर ती बाई त्या माणसाच्या मागे बॅगा ओढत गेली होती.

कोच गेल्याचं त्यांनी कळवलं तेव्हा मी क्लबमध्येच होतो. घरी फोन केला, पण बायको वॉर्डात होती, लागला नाही. बाहेर आलो. सराव चालू होता आणि मॅनेजर बाकावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसून सांगितलं. त्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि काहीतरी पुटपुटला. मग त्याने विचारलं, "मदाम एकटी आहे का तिकडे?"

"बहीण आहे जवळ, म्हणाल्या."

"नंबर दे."

त्याने तिथूनच फोन लावला. त्याचं इंग्रजी कधीच धड नव्हतं. तो उभा राहिला, फोन कानाला लावून रेषेच्या कडेने चालायला लागला, मोकळ्या हाताने हातवारे करत. बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. काय ते मला ऐकू येत नव्हतं. एवढ्यात मैदानातून मला हाक आली. आमच्या एका मिडफिल्डरचा घोटा मुरगळला होता. मी बर्फाची पेटी उचलली आणि त्याच्याकडे गेलो.